चाचांनी पत्ते विकले नाहीत

माझ्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं आणि स्वतःचं पाप माझ्या विणकराच्या माथी मारून मोकळा झाला. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की या प्रकरणाला दोन बाजू असतील. नाहीत.

मी काशीत जन्मले. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. वडील महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची तीर्थकर्मं करायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. श्राद्ध उरकलं, जेवणं झाली की यजमानांच्या बायका आईला बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, "काकू, इथे शालू चांगला कुठे मिळतो हो?" आई त्यांना माझ्याबरोबर पाठवायची. दुकानदार त्यांना मिक्स रेशीम शुद्ध म्हणून दाखवायचे, आणि मी परकरी पोर मध्येच म्हणायचे, "हे कालच्या काकूंना निम्म्यात दिलं होतंत." दुकानदारांनी आईकडे तक्रार केली की मुलगी धंदा बिघडवते. पुढे मीच धंद्यात उतरले. गल्लीत गद्द्या सगळ्या पुरुषांच्या. गद्दी म्हणजे पांढरी चादर घातलेली घाऊक व्यापाऱ्याची बैठक. त्यांच्या रांगेत एक माझी. भाव करताना मी ओरडते असं लोक म्हणतात. ओरडते. हळू बोलून मला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

चाचा माझे विणकर. पीलीकोठीकडे त्यांचं घर, घरातच खड्ड्यातला माग. मी धंदा सुरू केला तेव्हा एका बाईच्या शब्दावर मागाला रेशीम लावणारा हा एकच माणूस होता. आमचं बोलणं अर्थातच हिंदीत, आणि बहुतेक वेळा भांडणच. मी म्हणायचे, "चाचा, पदर सैल आलाय." ते चष्मा पुसत म्हणायचे, "सैल तुझी नजर आहे, बिटिया. डॉक्टरला दाखव." मग दोघांचा चहा व्हायचा.

आता पत्त्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. पत्ते म्हणजे भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या. त्या दोऱ्याने एकमेकींना बांधून मागाच्या वर टांगतात. कुठला धागा उचलायचा आणि कुठला सोडायचा हे त्या भोकांवरून ठरतं. ज्याच्या हाती पत्ते त्याच्या हाती अख्खा नकाशा. म्हणून आमच्या धंद्यात एखादा नकाशा चोरीला गेला की पहिलं बोट विणकराच्या घराकडे जातं. आमच्या आजोबांच्या वेळेपासून तिकडेच जातंय. म्हणून माझा एक रिवाज आहे. कुणी 'असा शालू दुसऱ्या कुणाकडे नको' म्हणून विणायला दिला, तर विणून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या देखत ते पत्ते मी कात्रीने कापते.

पूर्वी नकाशा चौकटीच्या कागदावर काढायचे. आता कॉम्प्युटरवर काढतात. मीही शिकले, हट्टाने. मशीन आणि नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आमच्या गल्लीत बहुतेक सगळ्यांना एकच माणूस पुरवतो. चाळिशीच्या आतला, केसांना तेल, तोंडात पान, बोलायला लोणी. त्याने माझ्या मशीनवर आणखी एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं. ते असलं की तो आपल्या दुकानात बसून माझा पडदा बघू शकायचा, बाण हलवू शकायचा, बिघाड दुरुस्त करू शकायचा.

"आप बस चाय पीजिए आंटीजी, हम वहीं से सब ठीक कर देंगे."

"आणि दरवेळी मी हो म्हणायचं?"

"नहीं नहीं. वो झंझट हमने हटा दिया है. बस मशीन बंद मत कीजिएगा."

"म्हणजे माझ्या घराचं दार तू कायमचं उघडं ठेवलंस."

"दार नहीं आंटीजी, चाबी. और चाबी सिर्फ हमारे पास."

असं म्हणाला होता. शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. भाव करणाऱ्या बाईला माणसाचे शब्द लक्षात ठेवावेच लागतात.

तर सांगलीकडच्या एक बाई मुलीला घेऊन सासऱ्यांच्या अस्थी विसर्जनाला आल्या. विधी झाल्यावर दोघी नावेतून फिरल्या. शिंदे घाटाजवळ ते कललेलं देऊळ आहे, अर्धं पाण्यात, मुलीला ते फार आवडलं. मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. लग्न ठरलेलं. माझ्या गद्दीवर बसून म्हणाली, "मावशी, मला मोर नकोत, कोयऱ्या नकोत. पदरावर हे देऊळ, खाली पायऱ्या, पायऱ्यांशी नावा. आणि असा शालू दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसायला नको."

तिच्या आईने लगेच घासाघीस सुरू केली. "दुसऱ्या कुणाला नको असं म्हटलं की तुम्ही भाव वाढवणार, ताई."

"वाढवणारच, वहिनी. एकीसाठी पत्ते बनवायचे आणि एकीसाठीच तोडायचे."

"तोडू नका मग, आम्हाला द्या. दारावर तोरण करू."

मला बाई आवडली. जमलं आमचं.

नकाशा मी स्वतः काढला. चाचांनी वीतभर पदर विणला, मी फोटो पाठवला, आणि सांगलीहून फोन आला.

"ताई, देऊळ उलटं कललंय."

"वहिनी, माझा जन्म या घाटावर गेलाय."

"गेला असेल. मी नावेतून काढलेला फोटो पाठवते. बघा तरी."

बघितला. त्यांचंच बरोबर होतं. लहानपणापासून मी ते देऊळ वरच्या पायऱ्यांवरून, मागच्या बाजूने बघत आले. तिथून ते डाव्या हाताला कलतं. नावेतून बघणाऱ्याला उजव्या. पदरावर नावा पुढे, पायऱ्या मागे, म्हणजे बघणारा नदीत. आणि देऊळ मात्र मी घाटावरच्या पोरीने काढलेलं. चाचा खोकेपर्यंत हसले. "बिटिया, उमर भर मंदिर की पीठ देखती रहीं!"

त्यांनी वीतभर विणलेलं उसवलं. देवळापुरते पत्ते बदलून घेतले, जुने मी तिथेच कात्रीने कापले, आणि ते पुन्हा मागावर बसले. शालूवर देऊळ उजवीकडे कललं. कॉम्प्युटरमधलं चित्र मात्र डावीकडेच राहिलं. पत्ते दुरुस्त झाल्यावर चित्राकडे परत कोण बघतं?

शालू मागावर असतानाच एका दुपारी मी वर जेवायला गेले होते. खाली आले तर पडद्यावरचा बाण आपोआप हलत होता. नकाशांची पेटी उघडली, एक चित्र उघडलं, मिटलं. मी तिथल्या तिथे कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"तूच आहेस का रे माझ्या मशीनमध्ये?"

"हाँ हाँ आंटीजी, हमीं हैं. सर्विस चल रही है."

त्याच्या मागे बँड वाजत होता. मला वाटलं, बघा, वरातीत नाचतानासुद्धा पोरगा काम करतोय. फोन ठेवला आणि बडीशेप चघळत पडद्यासमोर बसून राहिले. माझ्या डोळ्यांदेखत ते चाललं होतं.

शालू झाला. सांगलीच्या वहिनींना व्हिडिओ कॉलवर घेऊन मी पत्ते कापले. त्या म्हणाल्या, "तोरण गेलं बाई आमचं." शालू पोचला, आवडला. लग्नाला अजून अवकाश होता.

मग एका सकाळी वहिनींचा मेसेज आला. कुठल्याशा शहरातलं एक दुकान फोनवर साड्या दाखवून विकत होतं, त्याचा फोटो. यंत्रमागाचं कापड, खोटी जर, पोपटी, राणी, जांभळा, हवा तो रंग. पदरावर देऊळ, पायऱ्या, नावा. खाली एकच ओळ: "ताई, हे काय आहे?"

 माझे डोळे धंद्यातले. फोटो मोठा केला. प्रत्येक साडीवर देऊळ डावीकडे कललेलं होतं.

याचा अर्थ समजायला मला क्षणसुद्धा लागला नाही. चाचांच्या घरातून पत्ते गेले असते तर देऊळ उजवीकडे कललं असतं. कुणी शालूचा फोटो बघून नक्कल केली असती तरीही उजवीकडेच. डाव्या कलाचं देऊळ या जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या मशीनमध्ये.

पण गल्लीला एवढा वेळ नसतो. दुपारी शेजारचा गद्दीवाला दारात आला. दुःखी चेहरा करून आला, पण बातमी सांगायला मिळाली याचा आनंद लपत नव्हता.

"भाभी, जुलाहे पे इतना भरोसा करना ही नहीं चाहिए था."

"कुणी सांगितलं तुम्हाला चाचांनी केलं म्हणून?"

"वो कंप्यूटरवाला बता रहा था. कहता है, मशीन से कुछ नहीं जाता. पत्ते बूढ़े के घर में थे, वहीं से गए."

मी कॉम्प्युटरवाल्याला अजून एक शब्द विचारला नव्हता, त्याआधीच तो चहाच्या टपरीवर निकाल देऊन आला होता. ज्याने विचारलं नसताना उत्तर दिलं त्याला उत्तर आधीपासून ठाऊक होतं. सौद्यात मी हेच बघते.

त्यानंतर चाचांचं काय झालं ते ऐका. एका गद्दीने माणूस पाठवून दिलेलं रेशीम परत मागवलं. मग दुसरीने. कारण कुणी सांगितलं नाही. "अभी मंदी है चाचा." मंदी फक्त त्यांच्याच मागाला आली. टपरीवर ते बसले की बोलणं थांबायचं. मी गेले तेव्हा ते माग झाकून बाहेर पायरीवर बसले होते.

"रेशीम आणलंय," मी म्हटलं. "माग उघडा."

"तुझ्या एकटीच्या रेशमाने काय होणार, बिटिया? बाजार म्हणेल, दोघं मिळून चोरले."

"म्हणू दे."

"तुला चालेल. तुझा स्वभावच भांडकुदळ." जरा हसले. "माझ्या बापाने या मोहल्ल्यात कधी कुणाचा नकाशा इकडचा तिकडे केला नाही. माझंही वय ऐंशीला आलं आता. माझा जनाजा निघेल तेव्हा लोक मागे कुजबुजत येतील, हा पत्ते विकणारा. ते मला नको आहे. रेशीम ने परत."

मी नेलं नाही. तिथेच ठेवून आले. पण त्यांनी त्याला हात लावला नाही.

मी पुण्याला फोन केला. वहिनींना नाही, मुलीला. तिला म्हटलं, "तुझा शालू ज्याने बिघडवला त्याला धरायचंय. तुझ्या धंद्यातलं काम आहे, मला कळत नाही." ती रजेच्या दिवशी बसली. मी फोन पडद्यासमोर धरला, ती सांगेल ते उघडत गेले. शेवटी त्या दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोण कधी आत आलं याची यादी निघाली. तिने ती पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचायला लावली.

"मावशी, त्या दुपारी आत आलेला तो तुमचा माणूस नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ता दरवेळी एकच आहे. हा वेगळाच आहे. आणि एकदाच नाही आलेला."

"पण चावी त्याच्याकडेच होती."

"चावीसुद्धा लागली नाही. तुमच्याकडचं व्हर्जन जुनं आहे, त्यात चूक होती. पासवर्ड न देता बाहेरच्याला आत शिरता यायचं. बनवणाऱ्यांना ते कळलं, त्यांनी जाहीर केलं आणि दुरुस्त केलेलं दिलं. फुकट. ते फक्त टाकायचं होतं."

"मग याने का नाही टाकलं?"

"याची कॉपी चोरीची दिसतेय, मावशी. नवं टाकलं असतं तर बंद पडली असती. आणि पासवर्ड काय ठेवलाय माहीत आहे? त्याच्या दुकानाचं नाव. सगळ्या गल्लीत हाच असणार."

मी डोकं धरून बसले नाही. पायात चपला घातल्या.

दशाश्वमेधकडून आत गेलं की त्याचं दुकान. दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी त्यांना उठवलं नाही, त्यांनी ऐकावं अशी माझी इच्छा होती.

"त्या दुपारी तू म्हणालास, हमीं हैं. होतास का?"

"कौन सी दोपहर, आंटीजी?"

"बँड वाजत होता."

त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "अब इतना कौन याद रखता है."

"मी ठेवते. तू वरातीत होतास. तुझ्या हातात फोन होता, कॉम्प्युटर नव्हता. तू बघितलंसुद्धा नाहीस आणि म्हणालास मीच आहे."

"आंटीजी, गलती सॉफ्टवेयर की है. विदेशी कंपनी है. उनसे पूछिए."

"त्यांनी दुरुस्त करून दिलं होतं. तू टाकलं नाहीस. का नाही टाकलं, तेही सांगू का या दोघांना?"

गिऱ्हाइकं उठून गेली. तेव्हा त्याने दुकानाचा पडदा ओढला आणि आवाज उतरवला. म्हणाला, नवीन मशीन देतो. सर्व्हिस कायमची फुकट. मी गप्प राहिले तर त्याला वाटलं मी भाव वाढवतेय. प्रिंटरही देतो म्हणाला. आयुष्यभर मी समोरच्याला आधी आकडा बोलायला लावला आहे, आणि आकडा आला की मान हलवली आहे. त्या दिवशी मला त्याचा प्रिंटर त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला.

"मला काही नको. चल माझ्याबरोबर पीलीकोठीला. गद्दीवाल्यांना बोलावते. त्यांच्यासमोर सांग की मशीनमधून गेलं, चाचांच्या घरातून नाही."

"ये नहीं हो सकता, आंटीजी."

"का?"

"सबके यहाँ वही लगा है." हे मात्र तो खरं बोलला. "एक बार बोल दिया तो सब मशीनें उठवा देंगे. मेरे भी बच्चे हैं."

"चाचांना नाहीत?"

त्याने उगाच गल्ला उघडला आणि मिटला.

"आणि आज, या क्षणी, बाकीच्यांच्या मशीनमध्ये कोण बसलंय?"

त्यालाही ते ठाऊक नव्हतं. आणि जाणून घ्यायचंही नव्हतं.

मी पोलिसांकडे गेले. तक्रार घेतली, सभ्यपणे बोलले, नक्कल करणारं दुकान कुठलं ते शोधू म्हणाले. त्या चोराला शोधतील तेव्हा शोधतील. मी गद्दीवाल्यांकडे दोन्ही फोटो घेऊन गेले, शालूचा आणि नकलेचा. देऊळ इकडे बघा, देऊळ तिकडे बघा. एकाने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "भाभी, मंदिर तो मंदिर है." दुसरा म्हणाला, "आप चाचा को बचा रही हैं, अच्छी बात है." त्यांना दिसत नव्हतं असं नाही. माझं खरं मानलं तर त्यांना आपापल्या मशीनकडे बघावं लागलं असतं, आणि आतापर्यंत काय काय गेलं याचा विचार करावा लागला असता. त्यापेक्षा एका म्हाताऱ्या विणकराला चोर म्हणणं सोपं. त्यात काही उघडून बघावं लागत नाही.

मुलीने लग्नात तोच शालू नेसला. तिच्या आईने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "एकीने विचारलं, अशीच साडी फोनवर बघितली होती. मी म्हटलं, तिच्यातलं देऊळ नीट बघ." मी तो फोटो घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी पदरावरून बोट फिरवलं, फोनच्या काचेवरून, कापड असल्यासारखं. "अच्छा आया है," एवढंच म्हणाले. माग झाकलेलाच होता.

मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलंय. मशीन रात्री बंद असतं, दुपारी जेवायला जाताना बंद असतं. माझं ठीक आहे. माझं नाव कुणी घेतलेलं नाही. गल्लीत अजूनही म्हणतात, बिचाऱ्या बाईला जुलाह्याने फसवलं. मला बिचारी म्हणतात! ती शिवी मी आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ली, आणि तीसुद्धा चाचांच्या जिवावर.

म्हणून हे लिहिलं. कॉम्प्युटरवाल्या, तुला मराठी वाचता येत नाही, पण या गल्लीत मराठी वाचणारी पाच-सहा घरं अजून आहेत. कुणीतरी तुला वाचून दाखवेल. नाहीतर मीच येऊन दाखवेन, भर दुकानात, गिऱ्हाइकं असताना. तू माझ्या मशीनची चावी घेतलीस आणि दाराचा कडीकोयंडा निसटलाय हे कळूनही हात लावला नाहीस. तू न बघता 'हमीं हैं' म्हणालास. तो 'हमीं' कोण होता? तुझ्याऐवजी आत कोण बसलं होतं, आणि तू त्याला आपलं नाव का दिलंस? हे मला सांगू नकोस. पीलीकोठीला ये. त्या पायरीपाशी उभा राहा, गद्दीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोल, आणि ज्या माणसाला तू टपरीवर बसून चोर ठरवलंस त्याच्या तोंडावर सांग की पत्ते त्याने विकले नाहीत. चाचा जिवंत आहेत तोवर ये. उत्तर त्यांना द्यायचंय.